कीर्तनातलं गाळलेलं दीड पान

आमच्या घरी कीर्तन बाबा करायचे, पण ते लिहायची आई. मंडळीतल्या लोकांना मात्र नवल वाटायचं, की मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात दिवसभर कामगारांच्या हजेऱ्या टिपणारा हा माणूस रविवारी उभा राहिला की इतकं गोड आणि इतकं खोल बोलतो तरी कसं! गोड होता तो बाबांचा गळा. खोल होती ती आई. आणि ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या चटईवर, डोक्यावर पदर घेऊन, सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बसलेली असायची. मला तिचा भारी राग यायचा.

"तुमच्यात पण कीर्तन असतं?" असं मला आजही लोक विचारतात. असतं की! आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. बाबांना नोकरी लागली म्हणून कल्याणात आलेलो. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, पाद्र्यांना पाळकसाहेब आणि जमणाऱ्या लोकांना मंडळी. कीर्तनाला पेटी, तबला, झांज, सगळं असायचं. बाबा धोतर नेसायचे, वर काळा कोट, खांद्यावर उपरणं. आख्यान तेवढं आमच्या शास्त्रातलं.

आमच्या मंडळीची एक रीत मात्र मी पुढे दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कीर्तन झालं की शेवटच्या प्रार्थनेआधी शंकेची वेळ असायची. पुरुषांच्या बाजूनं कुणीही उठून शंका विचारायची आणि कीर्तनकारानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. बायकांनी विचारायचं नाही. आमच्या शास्त्रात एका प्रेषितानं कुठल्याशा मंडळीला लिहून ठेवलेलं, की बायकांनी सभेत गप्प बसावं आणि काही अडलं तर घरी नवऱ्याला विचारावं. आई यावर हसायची. म्हणायची, "मी घरी नवऱ्याला विचारायला जाते, तर तोच माझ्याकडे विचारत येतो."

आणि यायचेच ते. शनिवारी कारखान्यातून आले, हातपाय धुतले, की बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळं म्हणून दाखवायचे. आई भाजी चिरता चिरता त्यांना अडवायची. "अहो, किती धावताय! तिथं थांबा जरा. लोकांना गिळू तर द्या." बाबा निमूट थांबायचे. शंका कोणत्या येतील तेसुद्धा ती आधीच सांगून ठेवायची, उत्तरांसकट. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची ती. कुठल्या वाक्यावर कुठला हात वर होणार हे तिला बरोबर कळायचं.

शंकांची सवय तिला माझ्यामुळेही झाली असणार. मी तेव्हा अकरा वर्षांची. देश स्वतंत्र होऊन पाचसहा वर्षं झालेली, आणि माझं तोंड म्हणजे कधी बंद म्हणून नाही. देवानं मातीतून घडवलेला पहिला पुरुष आणि त्याच्या बरगडीतून घडवलेली पहिली बाई यांच्याविषयी मला फार म्हणजे फारच कुतूहल होतं. आई त्यांना नावानं बोलवत नसे. 'आपले पहिले आईबाप' म्हणायची, नगरला राहिलेल्या आजी-आजोबांविषयी बोलावं तसं. त्यामुळे मला ती दोघं अगदी घरातलीच वाटायची.

"आई, पहिल्या बाबांना बेंबी होती का गं?"

"नसावी. पण कधी भेटलेच, तर आधी त्यांच्या पोटाकडे टक लावून बघू नकोस. सलाम कर."

"ते लहान कधी नव्हतेच. मग त्यांना लगोरी यायची का?"

"तू शिकव त्यांना."

एकदा मी विचारलं, "पहिल्या आईला आईच नव्हती, मग तिची वेणी कोण घालायचं?" यावर मात्र आईनं पुढ्यातली विळी बाजूला सारली. विचार करून म्हणाली, "खरंच गं. देवच घालत असेल." ते तिनं गमतीनं म्हटलं नव्हतं.

मग शाळेत आमच्या बाईंनी सांगितलं, की माणूस माकडापासून झाला. मी पळत घरी आले. दप्तर खाली टाकलं आणि ओरडले, "माती की माकड? एकच काय ते सांग!" शेजारच्या काकू पीठ मागायला आलेल्या. त्या आमच्यासारख्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्या घरी देव्हारा, सत्यनारायण, सगळं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, एवढी घाबरतेस काय? आमच्यात तर माकडाचा जन्म आधीच होऊन गेलेला असतो. आणि मगरीचा. आणि डासाचा पण." त्या निघून गेल्यावर आई म्हणाली, "माती म्हणालीस तरी आपण खालून वर आलो, माकड म्हणालीस तरी खालूनच. नाक वर करून चालावं असं दोन्हीत काही नाही. कसं केलं ते त्यानं शोधायला ठेवलंय, शोध की." मला उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण शोधायची परवानगी मिळाली याचा आनंद झाला.

एका प्रश्नानं मात्र मी खरोखर घाबरलेले. देवळात रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथशाळेत एक वयस्कर मास्तर शिकवायचे. त्यांनी एकदा सांगितलं, की पहिल्या बाईला सगळं जाणून घ्यायची हाव सुटली, म्हणून तिनं फळ खाल्लं आणि सगळ्या जगावर दुःख आणलं. "बघा, चौकसपणानं काय होतं ते," असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी घरी येऊन रडले. आईला विचारलं, जाणून घ्यावंसं वाटणं हे पाप आहे का?

"देव रोज संध्याकाळी त्या बागेत फिरायला यायचा," आई म्हणाली. "तिला देवाविषयी शंका आली होती ना? मग सरळ त्यालाच विचारायचं. ती गेली सापाला विचारायला. विचारलं यात चुकलं नाही तिचं. ज्याच्याविषयी विचारायचं त्याला सोडून भलत्यालाच विचारलं, तिथं चुकलं. तू विचारत राहा."

मी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, की साप तेव्हा कुठल्या भाषेत बोलला. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मोहन्याहून एक वाईट बातमी आली. आईची एक जुनी विद्यार्थिनी, सातवी शिकलेली, फार हुशार. तिचं लग्न आमच्याच मंडळीतल्या एका तरुणाशी झालेलं. तो बाबांच्या कारखान्यात यंत्रावर होता. ती पहिल्या बाळंतपणात गेली. दोन दिवस वेणा देत होती. मुलगी जगली, ती गेली. आई शहाडपर्यंत गाडीनं गेली, पुढे मोहन्यापर्यंत चालत, आणि दफनाला थांबून परत आली.

आल्यावर ती दुपारी धुणं घेऊन बसली आणि एकेक कपडा असा आपटायला लागली, की शेजारच्या काकू बाहेर येऊन बघून गेल्या. तिथं काय झालं ते मला बाबांकडून कळलं. त्या तरुणाची मावशी घर सांभाळायची. डॉक्टर बोलवायचं म्हटल्यावर ती म्हणालेली, की वेणा या पहिल्या बाईच्या अपराधाची शिक्षा, देवानं बायकांना नेमून दिलेल्या, त्या सोसायच्या असतात. आणि कबरीपाशी पाळकसाहेबांनीही तेच सांगितलं. ते वाईट मनानं बोलले नसणार, दुःखी माणसांची समजूत घालायची म्हणून बोलले. पण आईला ते जिव्हारी लागलं.

"तोंड मिटून बसले मी तिथं," ती बाबांना म्हणाली. "तो पोरगा मान खाली घालून ऐकत होता. त्याला वाटतंय, देवानंच मारली तिला. मंडळीतल्या सगळ्या पोरीबाळींना आता तेच वाटणार. उद्या हिला पण." तिनं माझ्याकडे बोट केलं. "नाही हो, हे मला त्या लोकांना सांगितलंच पाहिजे. कसंही करून."

मंडळीचा वर्षाचा सण महिन्यावर आलेला. त्या दिवशी दुपारी चारला बाबांचं कीर्तन ठरलेलं. आईनं विषय घेतला आपल्या पहिल्या आईबापांचा. पहाटे उठून, शाळेतून आल्यावर, जमेल तेव्हा ती लिहायची. माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत माझ्याकडून करून घ्यायची. खाडाखोड झाली की पुन्हा सगळं पान. तिचं ते कीर्तन मी तीनदा उतरवून काढलं, त्यामुळे पाठच झालं. त्यातलं दीड पान त्या शिक्षेविषयी होतं. बाकी सगळं ती त्या दीड पानासाठीच लिहीत होती.

सणाचं कीर्तन आधी पाळकसाहेबांना दाखवायचं असे. ते एका संध्याकाळी छत्री घेऊन घरी आले, चार चमचे साखर घातलेला चहा घेतला, चष्मा लावून वाचायला बसले. भला माणूस होता. मला नेहमी लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. वाचता वाचता ते दोनदा मोठ्यानं हसले, "वा!" म्हणाले. मग त्या पानावर आले आणि थांबले. खिशातून निळी पेन्सिल काढली आणि त्या दीड पानावर दोन आडव्या रेघा मारल्या.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

बाबा उपरण्याच्या टोकाशी चाळा करत म्हणाले, "घरात लिहिलंय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "हे बघा," ते बाबांना म्हणाले, "वाईट लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण कबरीपाशी मी एक सांगितलं आणि महिन्याभरात तुम्ही दुसरं सांगायचं, तर लोकांनी धरायचं काय? आज शिक्षेचं गेलं, उद्या बायका म्हणतील गप्प बसायचंही गेलं. मंडळीत घोळ होईल. हे गाळा. मला वचन द्या." बाबांनी वचन दिलं. बाबा कुणालाही वचन देत. तेच तर वाईट होतं त्यांचं.

ते गेल्यावर आई बाहेर आली. "माझ्या लिखाणावर तुम्ही वचन देऊन मोकळे झालात?"

"अगं, काय करणार होतो मी? भांडू त्यांच्याशी?"

"हो! भांडायचं! एकदा तरी भांडायचं!" आणि ती रडायला लागली. आईला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. मला पाळकसाहेबांचा इतका संताप आला, की खिशातली लिमलेटची गोळी मी खिडकीतून भिरकावून दिली. नंतर मला तिचं वाईटही वाटलं.

सणाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मधून चालायला जागा. आम्ही पोरं बायकांच्या पुढ्यात. आई माझ्या मागेच होती, नेहमीच्या तिसऱ्या चटईवर. आणि पुरुषांच्या बाजूला, अगदी कडेला, तो मोहन्याचा तरुण बसलेला. दफनानंतर तो पहिल्यांदाच आलेला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. त्याला बघून आईनं पदर घट्ट आवळला.

बाबांनी रंग भरला. देवानं पहिल्या बाईला घडवलं ते ठिकाण आलं. "आणि त्या वेळी आपले पहिले बाबा काय करत होते, मंडळी? घोरत होते!" सगळे हसले. "देवानं त्यांना उठवलं नाही, सल्ला विचारला नाही, कशी हवी, उंच की बुटकी, काही नाही. सकाळी उठून बघतात तर ही समोर उभी. मग ती कशासाठी घडवली हे त्यांना कळायचं कसं? ज्यानं घडवली त्यालाच विचारायला हवं." बायकांच्या बाजूला खसखस पिकली. पाळकसाहेबही हसत मान डोलावत होते. वाक्य न् वाक्य आईचं होतं, आणि मला मात्र आता पुढचं ऐकायचंच नव्हतं. कारण मला ठाऊक होतं, की पुढे आता भोक आहे.

आलंच ते. फळ खाल्लं, देवानं हाक मारली, दोघं झाडाआड लपली, आणि मग बाबांनी एकदम पेटीवाल्याकडे बघून पद सुरू केलं. मंडळीला काही कळलं नाही. टाळ्या पडल्या. मी मागे वळून बघितलं तर आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कुणाला काही शंका?" बाबांनी विचारलं. रीतच होती.

तो तरुण उठला. सगळ्यांनी माना वळवल्या.

"दादा," तो बाबांना म्हणाला, "माझी बायको दोन दिवस ओरडत होती. मावशी म्हणाली, पहिल्या बाईची शिक्षा आहे, नेमून दिलेली, सोसायची. कबरीपाशी पण तेच ऐकलं. माझ्या बायकोनं आयुष्यात कुणाचं काही वाईट केलं नाही. मग शिक्षा तिला का? आणि आता मला मुलगी झालीय. तिला पण हेच नेमून दिलंय का?"

बाबांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. पाळकसाहेबांकडे पाहिलं. मग मधली जागा ओलांडून बायकांच्या बाजूला, थेट आईकडे पाहिलं. घामानं त्यांची मान निथळत होती.

"याचं उत्तर आहे," ते म्हणाले. "माझ्या कागदावर नाही."

आणि तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरून मला गर्रकन मागे फिरवलं. आई होती. तिनं मला आपल्या समोर ओढून बसवलं, पुरुषांकडे अर्धी पाठ केली आणि माझ्या डोळ्यांत बघून, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाली, "बाळ, इकडे बघ. तू मला परवा हेच विचारलं होतंस ना?"

मी असं काहीही विचारलं नव्हतं. "हो, विचारलं होतं," मी म्हणाले.

मुलांना शिकवायला बायकांना मनाई नव्हती. शब्बाथशाळेत तर बायकांनीच शिकवावं असं पाळकसाहेब दर वर्षी सांगायचे. माझ्या टाळक्यात लख्ख प्रकाश पडला. आई मला शिकवत होती. मंडळी नुसती आसपास बसलेली होती.

"तर ऐक. त्या दिवशी देव तिघांशी बोलला. सापाशी, बाईशी आणि पुरुषाशी. शाप दिला तो सापाला, आणि जमिनीला. आपल्या आईबापांना शाप दिला असं कुठे म्हटलेलं नाही. आता पुढे तुमच्या वाट्याला काय येणार ते त्यानं त्यांना सांगितलं, दुःखानं सांगितलं असेल. समजलं?"

पाळकसाहेब जोरात खाकरले. मी 'हो' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

आईच्या भुवया वर गेल्या. "बरं. पुरुषाला काय सांगितलं त्यानं? जमिनीत काटे येतील, घाम गाळून खाशील. बाबांच्या कारखान्यात उकडतं म्हणून पंखे बसवले, हो ना? तेव्हा कुणी म्हणालं का, की घाम देवानं नेमून दिलाय, पंखे काढून टाका? पायात काटा गेला तर काढतो ना आपण? की देवानं दिलेला आहे म्हणून ठेवतो पायात? पुरुषाच्या वाट्याचं दुःख हलकं करायला आपण सगळे धावतो. मग बाईच्या वाट्याचंच तेवढं हात न लावता ठेवायचं, हे कुणी ठरवलं? देवानं तर नाही ठरवलं. समजलं आता?"

"नाही."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं. पाळकसाहेब उभे राहिले. "बाई, मुलीला घरी नेऊन समजवा."

"साहेब, तिला इथं अडलंय," आई मागे न बघता म्हणाली.

"मला आत्ताच समजायला हवं!" मी ओरडले. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. पाळकसाहेब खाली बसले. ते का बसले ते मी त्यांना कधी विचारू शकले नाही.

आईचा आवाज आता जरा खाली आला. "मग एकच सांगते. दोघांना बागेबाहेर काढायच्या आधी देवानं काय केलं? त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे केले. दोघांसाठी. स्वतः. बाहेर यांना थंडी वाजेल हे त्याला आधी सुचलं. ज्याला कुणाला छळायचंच असतं, तो त्याच्या मापाचे कपडे शिवत बसेल का गं? लोक मला विचारतात, तू देवाला कशी ओळखतेस. मी त्याला तिथं ओळखते. रागावलेला आहे, आणि तरी खाली बसून शिवतोय."

आईच्या मागच्या एका म्हाताऱ्या बाईनं पदरात तोंड लपवलेलं. आईचा चेहरा लाल झालेला आणि मला तिचा असा काही अभिमान वाटत होता, की छातीत मावेना. जिंकली आमची आई, असं मला वाटलं. दीड पान सगळंच्या सगळं, तिच्या स्वतःच्या तोंडून, सगळ्या मंडळीसमोर!

तेवढ्यात तो तरुण मधली मोकळी जागा ओलांडून आमच्या बाजूला आला. पुरुष असे कधी येत नसत. पोरांच्या चटईवर, माझ्या शेजारी, तो मांडी घालून बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "मला पण पोर समजून सांगा. ती सोसत होती, ते देवाला हवं होतं का?"

आई आता सरळ त्याच्याकडे वळली. "नाही रे. नाही."

त्यानं मान हलवली. चटईची एक काडी उपटून बोटांत धरली.

"म्हणजे मी डॉक्टर आणायला हवा होता," तो म्हणाला.

ते पान मी तीनदा उतरवून काढलं होतं. त्यातून शेवटी हे वाक्य निघतं हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मला वाटत होतं, देवानं नेमलं नव्हतं म्हटलं की त्याचं दुःख कमी होईल. मी घाबरून आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती काहीतरी सांगेल, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

"हो," आई म्हणाली. "आणायला हवा होतास."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. आईनं सगळ्यांदेखत हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. पुढचं ती शाळेतल्या आवाजात बोलली नाही. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. बाबांनाही ते माहीत नव्हतं, त्यांना नंतर मीच सांगितलं.

"आणि मी पण," ती म्हणाली. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून परस्पर तुझ्या दारात आले होते रे. तू कामावर होतास. मावशी म्हणाल्या, सगळं ठीक आहे, तुम्ही जा. तिनं आतून माझा आवाज ओळखला. 'बाई' म्हणून हाक मारली मला. मी ऐकली, आणि घरी आले."